तयार फाइलींचा मुक्काम

मुळशी तालुका हा भाताचा तालुका. तेथील जुन्या घरांत साळ कणगींत राहते आणि सडलेला तांदूळ डब्यांत राहतो. दोहोंची जागा निराळी कां, असें कोणी गृहिणीला विचारलें तर ती हंसेल. साळ पुन्हां पेरतां येते, तांदूळ पेरतां येत नाहीं. साळीचा तांदूळ केव्हांहि करतां येतो, तांदुळाची साळ कधींच होत नाहीं. म्हणून साळ जपावयाची, तांदूळ वापरावयाचा, आणि दोन्ही एका भांड्यांत कालवावयाचीं नाहींत.

याच तालुक्याच्या पूर्व अंगाला, हिंजवडीस लागून, मारुंजी हें गांव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान हिंजवडीला वसलें आणि शेजारच्या मारुंजींतहि उंच इमारती उभ्या राहिल्या. आतां तेथील पुष्कळ घरांतून जें पीक निघतें तें कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रोग्रॅमचें असतें. या पिकालाहि साळ आणि तांदूळ असा भेद आहे, आणि येथें मात्र शिकलीसवरलेली माणसें दोन्ही एका भांड्यांत कालवून पुष्कळ वर्षें बसलेलीं होतीं. तीं वेगळीं कशीं झालीं, आणि तांदुळाचा डबा कोठें ठेवावयाचा हें आज प्रत्येकाला आपल्या सोयीनें कसें ठरवितां येतें, हा या लेखाचा विषय आहे. तो लिस्प नांवाच्या एका जुन्या भाषेपुरता आहे खरा. पण अडचण सर्वत्र सारखीच असल्यामुळें ज्यांच्या घरीं मुलें निराळी एखादी भाषा शिकत असतील त्यांनाहि तो परका वाटूं नये.

मनुष्य प्रोग्रॅम लिहितो तो अक्षरांत लिहितो. तो वाचतां येतो, दुरुस्त करतां येतो, दुसऱ्याला शिकवितां येतो. ही मूळ फाइल. कॉम्प्युटरच्या अंतःकरणाला मात्र अक्षरें समजत नाहींत. त्याला आंकड्यांच्या सांकेतिक आज्ञा लागतात. मूळ फाइल वाचून तशा आज्ञांची दुसरी फाइल तयार करणारा जो मध्यस्थ त्याला कंपायलर म्हणतात, आणि त्यानें केलेली ती तयार फाइल. मूळ फाइल गेली तर माणसाचें काम बुडालें. तयार फाइल गेली तर कांहींच बुडालें नाहीं. कंपायलरला पुन्हां बसवावें, कीं थोड्या वेळानें ती हजर.

अशी तयारी आगाऊ करून ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें इ. स. १५२० मध्यें ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला आणि थोड्याच वर्षांनीं ‘तिथिचिंतामणि’ मध्यें तिथि-नक्षत्रें काढण्यासाठीं कोष्टकें बांधून दिलीं. सिद्धांतग्रंथांतील गणित रोज मुळापासून करीत बसण्यापेक्षां त्याचा जड भाग एकदांच उरकून कोष्टकांत मांडावा आणि पंचांगकर्त्यानें त्यांत पाहून भराभर काम करावें, हा त्यामागील हेतु. कोष्टक हें तयार फाइलीसारखेंच आहे. तें उपयोगाला झटपट. पण ज्या गृहीतांवर तें बांधलें तीं बदललीं कीं तें बाद. एका रेखांशासाठीं केलेलें कोष्टक दुसऱ्या रेखांशावर जसेंच्या तसें वापरणारा ज्योतिषी फसतो, आणि दोष मात्र गणिताला लागतो.

लिस्प ही भाषा अमेरिकेंतील जॉन मॅकार्थी यांनीं इ. स. १९५८ सालीं रचावयास घेतली. आजहि वापरांत असलेल्या अशा भाषांत तिच्याहून जुनी म्हणजे एक फोरट्रान. कंस हें तिचें बाह्य लक्षण: जें कांहीं सांगावयाचें तें कंसांत, आणि कंसांतल्या कंसांत. तिच्या पुष्कळ पोटभाषा झाल्या. त्यांना एका दावणीला बांधण्यासाठीं ‘कॉमन लिस्प’ ठरली, १९८४ सालीं तिचें वर्णन ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें आणि १९९४ सालीं तिला अमेरिकन मानक-संस्थेची मान्यता मिळाली. भाषा एक झाली, पण तिचे कंपायलर अनेक राहिले. त्यांतील आज पुष्कळ वापरला जाणारा एसबीसीएल हा १९९९ सालीं कार्नेगी-मेलन विद्यापीठाच्या जुन्या लिस्पपासून फुटून निघाला. कार्नेगींची संपत्ति पोलादाची आणि मेलन यांची पेढीची, म्हणून या मुलाचें नांव ‘स्टील बँक कॉमन लिस्प’ ठेवण्यांत आलें. कॉम्प्युटरवाल्यांचा विनोद हा असा असतो.

एसबीसीएल जी तयार फाइल करतो तिला ‘फॅसल’ म्हणतात. झटपट चढविण्याजोगी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. क्लिस्प नांवाचा दुसरा कंपायलर तिला ‘फॅस’ हें शेपूट लावतो, क्लोझर तिसरेंच कांहीं लावतो. प्रत्येकाची फाइल त्याची त्यालाच वाचतां येते. इतकेंच नव्हे, तर एसबीसीएलच्या एका आवृत्तीनें केलेली फॅसल त्याचीच दुसरी आवृत्ति नाकारते. आणि या दोघांच्या फाइलींचीं नांवें मात्र अक्षरशः तींच. खरी गोम येथें आहे.

आतां समजा, मारुंजींतील एका सदनिकेंत एक मुलगी पंचांगाच्या गणिताचा अभ्यास करीत आहे. ही कल्पना उगाच केलेली नाहीं. राइनगोल्ड आणि डर्शोविट्झ या दोन पंडितांचा ‘कॅलेंड्रिकल कॅल्क्युलेशन्स’ हा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें १९९७ सालीं काढला आणि त्याची वाढविलेली आवृत्ति २०१८ सालीं निघाली. जगांतील बहुतेक प्रमुख कालगणना, हिंदु तिथिगणनेसह, त्यांत कॉमन लिस्पच्या प्रोग्रॅममध्यें मांडलेल्या आहेत. हिंदु गणनेसाठीं त्यांत स्थळ उज्जयिनी धरलें आहे, हें परंपरेला धरूनच झालें. आपल्या मुलीनें उज्जयिनीच्या जागीं पुणें घातलें. दोहोंच्या रेखांशांत सुमारें १.९ अंशाचा फरक आहे. दर अंशाला ४ मिनिटें धरलीं तर पुण्याचा सूर्योदय तेवढ्या एका कारणानें सात-आठ मिनिटें उशिरां होतो, आणि अक्षांशामुळें ऋतुपरत्वें त्यांत आणखी कमीजास्त होतें. सूर्योदयाला जी तिथि चालू असेल ती त्या दिवसाची तिथि. एखादी तिथि नेमकी त्या सात-आठ मिनिटांत संपत असेल, तर उज्जयिनीची एकादशी आणि पुण्याची एकादशी निराळ्या दिवशीं येऊं शकते. घरांत उपवास करणारी आजी असेल तर हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाहीं.

घरांतील कॉम्प्युटर एकच. मुलीजवळ एसबीसीएलची जुनी आवृत्ति. तिच्या दादानें रात्रीं नवी आवृत्ति आणली आणि गंमत म्हणून तोच पंचांगाचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवून पाहिला. नव्या कंपायलरनें आपली फॅसल मूळ फाइलीच्या शेजारीं, त्याच फोल्डरमध्यें, जुन्या फॅसलच्या जागीं लिहिली.

“एकादशी आज धरायची कीं उद्यां, तें तुझ्या यंत्राला विचार, ग!” आजी सकाळीं म्हणते.

“थांब जरा, आजी. दादानें रात्रीं कांहींतरी करून ठेवलंय. यंत्र रुसून बसलंय.”

यंत्र रुसलें याचें कारण असें. प्रोग्रॅम बांधणारें साधन दोन तारखा पाहतें: मूळ फाइल केव्हांची आणि तयार फाइल केव्हांची. तयार फाइल नंतरची असेल तर ती ताजी समजून तशीच चढवावयाची. मूळ फाइल नंतरची असेल तर कंपायलरला पुन्हां बसवावयाचें. दादाची फॅसल रात्रीचीच, तेव्हां ती ताजी ठरली. जुना कंपायलर ती चढवावयास गेला आणि परक्या आवृत्तीची म्हणून त्यानें ती नाकारली. मुलीनें ती पुसून आपली केली. संध्याकाळीं दादाच्या वांट्याला तीच गत आली. दोघांचेंहि काम बरोबर, दोघांच्याहि मूळ फाइलींत चूक नाहीं, आणि भांडण मात्र रोजचें.

एका घरांतलें भांडण मिटेल. पण मोठ्या यंत्रावर जेथें शेंकडों लोक एकाच ग्रंथालयांतील प्रोग्रॅम वापरतात तेथें काय व्हावें? डेबियन नांवाच्या लिनक्स-प्रकारांत लिस्पचे सामाईक प्रोग्रॅम एका ठराविक फोल्डरमध्यें ठेवलेले असतात आणि सामान्य माणसाला तेथें लिहिण्याची मुभा नसते, हें योग्यच आहे. परंतु तयार फाइल मूळ फाइलीच्या शेजारींच ठेवावयाची असा हट्ट धरला तर त्या माणसाला ती कधींच तयार करतां येणार नाहीं. बरें, सर्वांसाठीं एक सामाईक, सर्वांना लिहितां येईल असें कोठार उघडावें, तर त्यांत दुसरें संकट. तयार फाइल वाचून तींत काय आहे तें कळत नाहीं. कोणा दुष्टानें तेथें आपली फाइल दुसऱ्याच्या नांवानें ठेवली, तर पुढचा मनुष्य ती निःशंक मनानें चढवील आणि त्याच्या खात्यांतील सारें त्या दुष्टाच्या हातीं जाईल. सामाईक पाणवठ्याला कुलूप नसतें, पण त्यांत कोण काय टाकतो यावर नजर असते. येथें नजर ठेवणारा कोणी नाहीं.

कॉमन लिस्पमध्यें प्रोग्रॅम बांधण्याचें जें साधन आज बहुतेक सर्वत्र चालतें त्याचें नांव एएसडीएफ. ‘व्यवस्था वर्णन करण्याची आणखी एक सोय’ असा त्याच्या नांवाचा विनम्र अर्थ. शिवाय ए, एस, डी, एफ हीं टंकलेखन-यंत्राच्या मधल्या ओळींतील डाव्या हाताच्या चार बोटांखालचीं अक्षरें, हें टायपिंगच्या वर्गाला गेलेल्या कोणालाहि ओळखतां येईल. डॅनियल बार्लो यांनीं २००१ च्या सुमारास तें लिहिलें. त्यांत तयार फाइल मूळ फाइलीच्या शेजारींच पडे. मग जो तो आपापला उपाय काढूं लागला. डेबियनवाल्यांनीं स्वतःचा एक कारभारी नेमला, कोणी ‘एएसडीएफ-बायनरी-लोकेशन्स’ नांवाचें जोडकाम लिहिलें, कोणी आणखी तिसरें कांहीं; आणि हे उपाय एकमेकांच्या पायांत पाय घालूं लागले.

२००९ च्या अखेरीस फ्रांस्वा-रेने रिदो यांनीं हें काम हातीं घेतलें. ते तेव्हां आयटीए या अमेरिकन कंपनींत होते. विमानांच्या तिकिटांचे दर धुंडाळणारा या कंपनीचा प्रचंड प्रोग्रॅम कॉमन लिस्पमध्यें होता; २०११ सालीं गुगलनें ही कंपनी विकत घेतली. तेव्हां बांधकामाच्या साधनांत चूक राहिली तर किती जणांचा खोळंबा होतो, याची त्यांना पुरती कल्पना असली पाहिजे. रॉबर्ट गोल्डमन यांच्या सोबतीनें त्यांनीं २०१० सालीं एएसडीएफची दुसरी आवृत्ति काढली, आणि तींत तयार फाइलींच्या मुक्कामाचा प्रश्न मुळांतच सोडविला. त्या वर्षींच्या त्यांच्या एका निबंधाच्या शीर्षकाचा आशय असा कीं, सहकार्य वाढावें आणि त्यासाठीं आधीं एकमेकांशीं ठरवाठरवी करण्याचा व्याप कमी व्हावा. मारुंजीच्या त्या बहीणभावंडांना नेमकें हेंच हवें आहे. दोघांनीं एकच प्रोग्रॅम वापरावा, पण त्यासाठीं रोज सकाळीं तह करावा लागूं नये.

युक्ति अशी. प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या घर-फोल्डरमध्यें ‘डॉट-कॅश’ नांवाचें एक कोठार असतें. त्यांत ‘कॉमन-लिस्प’ हा एक कप्पा. त्या कप्प्यांत प्रत्येक कंपायलरसाठीं निराळा खण. आणि खणावरची चिठ्ठी मोठी तपशीलवार असते. कंपायलरचें नांव, त्याची आवृत्ति, कोणत्या कार्यप्रणालीवर, कोणत्या जातीच्या यंत्रावर, हें सारें त्या चिठ्ठींत येतें. त्या खणाच्या आंत मूळ फाइलीचा सगळा पत्ता पुन्हां जसाच्या तसा उभारलेला असतो. म्हणजे मूळ फाइल घर-फोल्डरांतील ‘पंचांग’ या फोल्डरमध्यें असेल, तर तिची तयार फाइल कोठाराच्या त्या खणांत, घर-फोल्डराच्या आणि ‘पंचांग’च्या प्रतिबिंबासारख्या रस्त्यानें गेल्यावर, शेवटीं सांपडते. सावली जशी वस्तूला सोडीत नाहीं तसा हा पत्ता मूळ पत्त्याला सोडीत नाहीं.

एवढ्या एका योजनेनें किती गोष्टी साधल्या पाहा. दादाची नवी आवृत्ति निराळ्या खणांत लिहिते, बहिणीची जुनी आपल्या खणांत. नांवें तींच असलीं तरी गांठ पडत नाहीं. सामाईक ग्रंथालयाच्या फोल्डरमध्यें लिहिण्याची मुभा नसली तरी बिघडत नाहीं, कारण लिहावयाचें आपल्याच घरांत आहे. कोठार ज्याचें त्याचें असल्यामुळें परका त्यांत विष कालवूं शकत नाहीं. आणि मूळ फाइलींचा फोल्डर स्वच्छ राहतो. तो दुसऱ्याला द्यावयाचा झाला तर त्यांतून तांदूळ निवडून काढावे लागत नाहींत. हें सर्व कांहीं न सांगतां, आपोआप होतें. ज्याला एवढ्यानें भागतें त्यानें पुढचे परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

पण सर्वांचें भागत नाहीं. कोणाच्या यंत्राची मुख्य डिस्क लहान असते आणि कोठार दुसऱ्या मोठ्या डिस्कवर न्यावयाचें असतें. कोणाला एखाद्या प्रकल्पाच्या तयार फाइली त्या प्रकल्पाच्या शेजारींच हव्या असतात, कारण त्या तशाच गिऱ्हाइकाला पाठवावयाच्या असतात. कोणी प्रत्येक चांचणी कोऱ्या पाटीवर करतो आणि त्यासाठीं तयार फाइली एका तात्पुरत्या जागीं टाकून काम होतांच त्या पुसतो. या सर्वांसाठीं एएसडीएफनें बदलाची एक छोटी भाषा दिली आहे. तिचें सूत्र एकच: अमुक जागेवरून निघालेली फाइल तमुक जागीं जावी, अशा जोड्या लिहावयाच्या. जागा शोधतांना साधन, जुळणाऱ्या जोड्यांपैकीं जिचा मूळ पत्ता सर्वांत लांबवर जुळेल, ती घेतें. म्हणून विशेष नियम वर लिहिला काय किंवा खालीं लिहिला काय, तो सर्वसाधारण नियमाच्या आधीं लागतो. डाकघरांतील वर्गीकरणाचा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

घर-फोल्डरांतील ‘डॉट-कॉन्फिग’ मध्यें ‘कॉमन-लिस्प’ हा फोल्डर करून त्यांत ‘एएसडीएफ-आउटपुट-ट्रान्सलेशन्स’ नांवाची, ‘कॉन्फ’ शेपटाची फाइल लिहिली कीं झालें. तींतील मजकूर साधारण असा दिसतो. येथें तो नागरींत दिला आहे, यंत्रावर अर्थात् रोमन अक्षरांत टंकावा लागतो:

(:आउटपुट-ट्रान्सलेशन्स
 ("/होम/ताई/पंचांग/" ("/मोठी-डिस्क/तयार/" :इम्प्लिमेंटेशन))
 :इन्हेरिट-कॉन्फिगरेशन)

पहिली ओळ विषय सांगते. दुसऱ्या ओळींत एक जोडी आहे: ‘पंचांग’ फोल्डरांतून निघालेलें तें मोठ्या डिस्कवरील ‘तयार’ या फोल्डरमध्यें जावें. त्या ओळींतील ‘इम्प्लिमेंटेशन’ हा शब्द वगळण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तोच घात करतो. खणावर चिठ्ठी लावण्याचें काम हा शब्द करतो. नेहमींच्या कोठाराला ती चिठ्ठी आपोआप असते. पण जागा आपण स्वतः नेमली कीं चिठ्ठीहि आपणच लावावी लागते. ती विसरली तर मोठ्या डिस्कवर दादा-ताईचें तेंच भांडण नव्यानें सुरू होतें, आणि या वेळीं तें शोधून काढावयास अधिक वेळ लागतो, कारण कोठार वेगळें केलें म्हणजे भांडण मिटलें अशी समजूत झालेली असते.

तिसरी ओळ वारशाची आहे. वडिलांच्या घरचे नियम आपल्या नियमांच्या खालीं चालूं ठेवावयाचे कीं तोडून टाकावयाचे, हें येथें एकदां आणि एकदांच सांगावें लागतें. ‘इन्हेरिट’ म्हटलें तर आपल्या जोड्यांत न बसणाऱ्या फाइली पुढच्या नियमांकडे जातात. ‘इग्नोर-इन्हेरिटेड’ म्हटलें तर संबंध तुटला. दोहोंपैकीं कांहींच लिहिलें नाहीं तर साधन तक्रार करतें, आणि तें बरेंच आहे. वारशाची गोष्ट मोघम ठेवल्यानें काय होतें हें आपल्याकडे कोणाला सांगावयास नको.

पुढचे नियम म्हणजे कोणाचे, याचाहि क्रम ठरलेला आहे. चालत्या प्रोग्रॅमनें स्वतः आज्ञा दिली असेल तर ती सर्वांत वर. तिच्या खालीं परिसरांतील एक चलमूल्य, ज्याचें नांव ‘एएसडीएफ_आउटपुट_ट्रान्सलेशन्स’. मग वापरणाऱ्याची फाइल, मग संपूर्ण यंत्रासाठीं व्यवस्थापकानें लिहिलेली फाइल, आणि कोणीच कांहीं बोललें नाहीं तर आपोआप चालणारें तें कोठार. तात्पुरत्या कामाला परिसरांतील चलमूल्य सोयीचें. त्यांत जागांच्या जोड्या विसर्गासारखें चिन्ह मध्यें घालून एका ओळींत लिहितात, आणि जागांची संख्या जोडीनें भरली नाहीं तर काम थांबतें. सगळें कोठारच उचलून दुसरीकडे न्यावयाचें असेल तर जोड्यांच्या भानगडींत पडूं नये. ‘एक्सडीजी_कॅश_होम’ या चलमूल्यांत नवी जागा लिहावी, कोठार चिठ्ठ्यांसकट तिकडे उभें राहतें. आणि कोठार नकोच, जुन्यासारखें शेजारींच असावें, असा ज्याचा आग्रह असेल त्यालाहि ‘डिसेबल-कॅश’ हा शब्द दिलेला आहे. तो लिहिण्यापूर्वीं त्यानें घरांत किती कंपायलर आहेत तें मात्र मोजावें.

एक गोष्ट पुष्कळांना गोंधळविते. फाइल बदलली, जोडी लिहिली, तरी तयार फाइली जुन्याच जागीं पडतात. कारण साधन नियम एकदां वाचतें आणि स्मरणांत ठेवतें; चालू बैठकींत तें फाइल पुन्हां उघडून पाहत नाहीं. ‘क्लिअर-आउटपुट-ट्रान्सलेशन्स’ ही आज्ञा दिली, किंवा लिस्प बंद करून पुन्हां चालू केली, कीं नवे नियम लागू होतात. याच कारणानें, चालत्या लिस्पचें सगळें स्मरण एका फाइलींत साठवून तो प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्यानें आधीं नियमांचें स्मरण पुसावें; नाहीं तर तो प्रोग्रॅम परगांवीं जाऊन मारुंजींतल्या घराचा पत्ता शोधीत बसेल. एखादी फाइल नेमकी कोठें जाणार अशी शंका असेल तर अंदाज बांधीत बसूं नये: ‘अप्लाय-आउटपुट-ट्रान्सलेशन्स’ ला तिचा पत्ता द्यावा, तें गंतव्य पत्ता परत देतें.

आणखी एक खांच अनुभवी माणसालाहि लागते. आपल्या मुलीनें तिथींच्या शुद्धाशुद्धीचें एक कोष्टक निराळ्या फाइलींत ठेवलें आहे, आणि प्रोग्रॅमला सांगितलें आहे कीं, ‘तूं जेथून चढलास त्याच फोल्डरमध्यें तें कोष्टक शोध.’ तयार फाइल शेजारीं होती तोंवर हें चाललें. आतां प्रोग्रॅम चढतो कोठारांतून, आणि कोठारांत कोष्टक नाहीं. प्रोग्रॅम म्हणतो फाइल नाहीं, मुलगी म्हणते समोर दिसते आहे. दोघेंहि खरें बोलतात. अशा वेळीं मूळ व्यवस्थेच्या फोल्डराचा पत्ता एएसडीएफलाच विचारावा. ‘सिस्टम-रिलेटिव्ह-पाथनेम’ ही त्यासाठींच दिलेली सोय आहे. जो प्रोग्रॅम आरंभापासून असा लिहिला असेल त्याचें कोठार चंद्रावर नेलें तरी अडणार नाहीं.

लिस्पची स्वतःची जी कंपाइल करण्याची मूळ आज्ञा आहे तिला मात्र या नियमांची गंधवार्ता नसते. एएसडीएफला बाजूला ठेवून कोणी ती आज्ञा थेट दिली तर फॅसल पूर्वीसारखी शेजारींच पडते, आणि मग “नियम लिहून हा कचरा कां?” असा प्रश्न येतो. नियम एएसडीएफचे आहेत. जें काम त्याच्या हातून जात नाहीं त्याला ते लागू नाहींत.

हीच कथा पायथनचीहि आहे, म्हणून तिचा ओझरता उल्लेख करावयास हरकत नाहीं. तेथेंहि तयार फाइली पूर्वीं मूळ फाइलींच्या शेजारीं पडत आणि निरनिराळ्या आवृत्ती एकमेकींच्या फाइलींवर लिहीत. २०११ सालच्या ३.२ आवृत्तीपासून त्यांच्यासाठीं ‘पायकॅश’ नांवाचा पोटफोल्डर आला आणि फाइलीच्या नांवांतच आवृत्तीची चिठ्ठी आली. २०१९ सालच्या ३.८ आवृत्तीपासून तें सारें दुसरीकडे नेण्याचीहि सोय झाली. शाळेंतील मुलांच्या कॉम्प्युटरवर तो पोटफोल्डर हटकून दिसतो, आणि तो पुसला तर काय होईल म्हणून पालक उगाच भितात. कांहीं होत नाहीं. तो पुन्हां येतो.

लिस्पच्या कोठाराचेंहि तसेंच आहे. तें आपण होऊन कधीं रिकामें होत नाहीं. कंपायलरची प्रत्येक नवी आवृत्ति नवा खण मांडते आणि जुन्या आवृत्तीचा खण, मालक गेलेल्या खोलीसारखा, तसाच पडून राहतो. वर्षाकांठीं जुने खण पुसावे. सगळें कोठार पुसलें तरी नुकसान इतकेंच कीं पुढच्या खेपेला कंपायलरला सगळें पुन्हां सडावें लागेल.

आणि कोठार वेगळें केल्यानें एक दोष मात्र जात नाहीं, तो येथें सांगितला पाहिजे. साधन अजूनहि तारखाच पाहतें. समजा, मुलीनें पुण्याच्या रेखांशाची दुरुस्ती केलेली आपली जुनी प्रत एका जुन्या साठ्यांतून काढून आजच्या फाइलीच्या जागीं ठेवली. साठ्यांतून काढलेल्या फाइलीवर तिची जुनीच तारीख असते. कोठारांतील फॅसल, उज्जयिनीच्या गणिताची, कालची. साधन पाहतें: तयार फाइल मूळ फाइलीनंतरची, म्हणजे ताजी, आणि उज्जयिनीची तिथि पुण्याची म्हणून सांगतें. या वेळीं यंत्र रुसत नाहीं, तक्रार करीत नाहीं. गोड बोलून चुकीचें उत्तर देतें, आणि रुसण्यापेक्षां हें वाईट. दुरुस्त प्रत निराळ्या फोल्डरमध्यें ठेवून तेथून चालविली असती तर प्रतिबिंबाचा पत्ताहि निराळा झाला असता आणि हा प्रसंग आला नसता. त्याच जागीं ठेवावयाची असेल तर लोड करण्याच्या आज्ञेपुढें ‘फोर्स’ हा शब्द लिहून सगळें नव्यानें बांधावयास लावावें, किंवा कोठारांतील ‘पंचांग’चा तेवढा फोल्डर पुसावा.

मुलीनें तो पुसला. कंपायलर पुन्हां बसला, पुण्याचा सूर्योदय आला, तिथि निघाली.

“आजी, उपवास उद्यां. आज चहाबरोबर पोहे चालतील.”

“मग आधीं सांगायचं नाहीं का, ग! मीं तर सकाळपासून कांहीं घेतलेलं नाहीं.”